चेंबरबाहेरचा दिवा

गेल्या उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणाच्या वेळी, माझ्या मेहुण्यांच्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये एक हमाल अडकले. दार बाहेरून बंद होतं आणि दारावरचा दिवा विझलेला होता.

चेंबर जळगावहून असोद्याकडे जाताना लागतं. बिनखिडकीची, जाड भिंतींची थंड खोली, आत छतापर्यंत केळीचे क्रेट; आतली हाक बाहेर ऐकू येत नाही. आतून दार उघडायचा दांडा तुटला होता. दुरुस्ती होईपर्यंत मेहुण्यांनी एक नियम घातला. दाराबाहेर एक बटण बसवलं, एकदा दाबलं की दिवा लागणारं, पुन्हा दाबलं की विझणारं. आत जाणाऱ्याने ते एकदा दाबायचं, बाहेर येणाऱ्याने पुन्हा एकदा. एका वेळी एकानेच आत जायचं. दिवा बंद दिसला की खोली रिकामी समजायची, दार लावायचं आणि केळी पिकवायचा गॅस सोडायचा. दार लागल्यावर आतली हवा माणसाला फार वेळ पुरत नाही.

त्या दुपारी मी तिथेच होतो. दार लावून झालं होतं, गॅस सोडायचा राहिला होता. हमाल चार, सगळे सोनगीरकडचे, इथेच खोल्या घेऊन राहणारे. तिघे सावलीत जेवत होते. चौथे आबा, वयाने सर्वांत मोठे. त्यांची बायको डबा घेऊन आली. तिला सगळे अक्का म्हणत.

“आबा कोठे गयात?”

“केळीसंगे पिकाले बसना व्हई,” एक हमाल म्हणाला. बाकीचे दोघे हसले.

“हासू नका रे. त्यासनी चप्पल आठेच शे.”

चप्पल चेंबरच्या दाराशी होती. मेहुण्यांनी वर बोट दाखवलं. “अक्का, दिवा बंद आहे. आत कोणी नाही.”

आत जाऊन बाहेर आलेल्याने बटण सम वेळा दाबलेलं असतं, आत असलेल्याने विषम वेळा. पण आत दोघे असतील, तर दोन विषमांची बेरीज सम होते. दिवा तेव्हाही विझलेलाच दिसतो. मी हे मेहुण्यांना सांगितलं.

“दुसरा कोण असणार?” ते म्हणाले. “आबा सोडले तर सगळे समोर बसलेत.”

अक्का तोवर दाराची कडी ओढू लागल्या होत्या. मेहुण्यांनी पुढे होऊन दार उघडलं.

आबा दाराशीच बसलेले होते. ओठ निळसर पडले होते, पण शुद्ध होती. चौकट धरून ते उठले, बाहेर आले आणि सवयीने बटण दाबलं. दिवा लागला.

अक्कांनी पाणी पाजलं. दोन घोट घेऊन आबांनी विचारलं, “तो निंघना का?”

“कोण?”

“मन्हा मांगे उना तो. मांगला क्रेटकडे गया.” आपल्या मागून आणखी एक जण आत आला, असं आबा सांगत होते.

कोणी हसलं नाही. तिघा हमालांनी आपण जाताना आणि येताना, दोन्ही वेळा बटण दाबल्याचं सांगितलं. कोणीतरी विसरलं असेल, असं मेहुणे म्हणाले. मग त्यांनीच सगळे क्रेट बाहेर काढायला लावले.

खोली भिंतीपर्यंत रिकामी झाली. आत कोणी नव्हतं.

आबांना डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं. संध्याकाळी वायरमन आला. त्याला बटणात किंवा तारेत दोष सापडला नाही. त्या दिवशी गॅस सोडला नाही, दारही लावलं नाही. आम्ही निघालो तेव्हा दिवा चालू होता.