गोवरी घेऊन गॅसच्या दारात

कन्नडच्या स्टँडवर यष्टी सुटायला आली तरी माय खिडकीखाली उभीच होती. ट्रंक टपावर चढली होती. माझ्या हातात हिरवा चुडा, मांडीवर लोखंडी शेगडी आणि पायाशी पोत्यात बांधलेल्या गोवऱ्या. "शहरात घराला घर लागून आसतंय म्हणं," माय म्हणाली, "विस्तव मागायला लाजू नको." मी मान हलवली. गाडी वळली तशी शेगडी बाकाखाली सरकवली अन् वर पदर टाकला. पुढच्या बाकावरची बाई शहरातली दिसत होती ना.

कमल, तू तेव्हा फ्रॉक घालून मायच्या कडेला लोंबकळत होतीस. धाकट्या बहिणीला काय आठवणार, म्हणून लिहून ठेवते. तुझी लेकरं आता पुण्यात बिऱ्हाड मांडून बसलीत, त्यांनाही वाचून दाखव. आपल्या मावशीचा शहाणपणा त्यांना कळू दे.

तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आताचं संभाजीनगर, माझ्यासाठी जुन्या शहरातली एक भाड्याची खोली होती आणि शेजारी होत्या रझिया खाला. पहिल्याच सकाळी काडेपेटी सादळलेली निघाली. गावात करायचो तेच मी केलं. गोवरीचा तुकडा घेऊन शेजारच्या दारात उभी राहिले, "विस्तव देता का?" आत बघते तर ओट्यावर गॅस. निळा जाळ, ना धूर ना राख. विस्तव असणार कुठून? पण खाला हसल्या नाहीत. माझी गोवरी चिमट्यात धरली, गॅसवर ठेवली आणि चांगली धगधगेपर्यंत फुंकत बसल्या. त्यांची चुन्यानं रंगवलेली खोली धुरानं भरली. वर म्हणतात कशा, "आग मांगने आई सो दुल्हन कू खाली हात कैसा भेजना?"

त्या बाईचं मोठेपण कळायला मला निम्मं आयुष्य लागलं. त्या दिवशी मात्र मी लाजेनं लाल झाले आणि ठरवून टाकलं, घरात गॅस येईल तेव्हाच आपण माणसात.

गॅस यायला पुष्कळ वर्षं गेली. आला त्या दिवशी मी सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं, गल्लीत पेढे वाटले. मायला पत्र लिहिलं, त्यात गॅसचा उल्लेख तीनदा आणि तिच्या तब्येतीची चौकशी एकदाही नाही. शेगडी भांडीवालीला देऊन टाकली अन् तिच्यावर स्टीलचा डबा घेतला. माय आली तेव्हा त्याच डब्यातला लाडू तिच्या हातावर ठेवला. तिनं खोलीभर नजर फिरवली, शेगडी कुठंच दिसेना. मग डब्यावर टिचकी मारली. "डबा चांगलाय. विस्तव मावतो का ह्याच्यात?"

पुढं ती गेली. ते उत्तर राहूनच गेलं.

या वर्षी माझी सून सुनीता, तिची कँटीनची नोकरी सुटली म्हणून, सिडकोतल्या मैदानाशी संध्याकाळी भरीत-भाकरीची गाडी लावायला निघाली. पोराचा पगार एकट्याचा, त्यामुळं गाडी चालणं भागच होतं. स्कूटरवर नेता येईल अशी एकच ग्रिल घ्यायची होती, गॅसची की कोळशाची? मी गॅसच्या बाजूनं ठाण मांडलं. बटण दाबलं की जाळ, डोळ्यांत धूर नाही, गिऱ्हाईक ताटकळत नाही. ज्यानं जन्मभर फुंकणी धरली नाही, त्यालाच कोळशाचं प्रेम येतं, असंही ऐकवलं.

सुनीता भांडत नाही. तिनं गच्चीवर दोन वांगी भाजली, एक गॅसवर, एक कोळशावर, अन् दोन वाट्या माझ्यापुढं ठेवल्या. कोळशावरच्या भरताचा पहिला घास तोंडात गेला आणि मी थेट आपल्या गावच्या अंगणात जाऊन बसले. पण कबूल कोण करतंय? म्हणाले, "दोन्ही सारखीच."

"व्हय का, आत्या?" ती म्हणाली. "मग हीच वाटी का पुसून खाल्ली?"

कोळशाची ग्रिल आली.

पहिल्या संध्याकाळी चालायला आलेल्या बायका गाडीपुढं जमल्या आणि कोळसा काही पेटेना. पोतं बाल्कनीत ठेवलं होतं मीच, रोज कुंड्यांना पाणी घालते तिथंच. मुद्दाम नाही, तुझी शपथ. सुनीता पुठ्ठ्यानं वारा घालत होती, डोळे लाल. पोतं कुणी भिजवलं हे तिला पक्कं माहीत होतं, तरी ती वाराच घालत राहिली. एक बाई घड्याळ बघून निघून गेली. "मी म्हणलं नव्हतं का," हे वाक्य मी महिनाभर घासूनपुसून ठेवलं होतं. ते बाजूला ठेवलं.

मग मी पिठाचा डबा, शेगडीवर घेतलेला तोच स्टीलचा, परातीत रिकामा केला. पलीकडं गंगापूरकडची एक बाई कणसं भाजत होती, तिचे निखारे लालबुंद. गेले अन् म्हणाले, "विस्तव देता का?"

"घ्या की, मावशी. विस्तवाला कोण नाय म्हणतंय?" तिनं चिमट्यानं डबा भरून दिला. पदरात धरून आणला. सुनीतानं तो ग्रिलमध्ये पालथा केला, माझ्याकडं बघितलं, आणि पहिलं वांगं वर ठेवलं. त्या दिवशी सगळी वांगी संपली.

तुमचं घर कुठलं, असं लोक मला अजून विचारतात, अन् मी अजून कन्नडकडचं गाव सांगते. पण या शहरात मी दोनदा परक्या दारी विस्तव मागितला आणि दोन्ही वेळा भरल्या हातानं परतले. आता याला परकं कसं म्हणू?

डबा बुडातून काळा पडलाय. सुनीता घासायला निघाली होती, मी घासू दिला नाही.

मावतो, माय.