ढगांच्या ठेक्यावरची नोकरी

त्या दुष्काळात सरकारनं कृत्रिम पावसाचा ठेका बाहेरच्या एका कंपनीला दिला आणि कंपनीनं मला नोकरी दिली. केजजवळच्या बंद पडलेल्या सहकारी सूतगिरणीच्या गच्चीवर रडार बसवलं होतं. ते चालू ठेवायचं आणि पाण्याचा ढग दिसला की विमानतळावर फोन करायचा, एवढंच माझं काम. ढगात मीठ सोडणारं विमान तिकडंच उभं असायचं. राहायला मी गावातच, आत्याकडं होतो.

बरेच दिवस रडारवर काहीच आलं नाही. मग एका दुपारी माजलगावच्या बाजूनं काळेभोर ढग चढून आले. मी धावत फोन लावला.

“विमान तयार आहे,” तिथले आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले, “पण मिठाच्या नळकांड्या बसवायचं काम दुसऱ्या कंपनीकडं आहे. त्यांचा माणूस जेवायला गेलाय.”

माणूस आला, तर उड्डाणाची परवानगी नव्हती. परवानगी आली, तर म्हणे सरकारी खात्याची लेखी मागणी हवी.

“अहो साहेब, ढग थांबतात का तोवर?” मी ओरडलोच. ढग आमच्या डोक्यावरून कोरडेच धाराशिवकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख मोकळं, आणि विमान आलं! ठेक्यातले उड्डाणाचे तास भरायचे होते. गिरक्या घालून ते परत गेलं. आत्या कपाळावर आडवा हात धरून बघत होती.

“कावून रं, काल ढग व्हते तवा कुठं मेलतं तुमचं इमान?”

मी कामावर गेलो. गिरणीच्या फाटकाशी गावातली माणसं जमली होती. यंत्रामुळं ढग पळतात, ते बंद करा, असं त्यांचं म्हणणं. पुढं एक म्हातारे शेतकरी होते.

“आमी भांडाया आलो न्हाई,” ते म्हणाले. “पर बंद करा.”

“आजोबा, हे नुसतं ढग बघतं. पळवत नाही.”

“मग बघून काय केलं काल?”

मी वर जाऊन रडार बंद केलं आणि फाटकाशी येऊन साहेबांना फोनवर कळवलं.

“बंद करायची लेखी परवानगी घेतलीत का?”

माझं डोकंच फिरलं. फोन सरळ आजोबांच्या हातात दिला.

“रामराम साहेब. पाणी कवा पडंल?” आजोबांनी विचारलं. मग बराच वेळ ते फोन कानाला लावून उभे राहिले. “कुणी बोलंना. गाणं लागलंय.”

माणसं हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात टँकर आल्याची आरोळी उठली आणि सगळे तिकडं पळाले.

त्यानंतर ढग फिरकलेच नाहीत. ठेका संपला, रडार उतरवलं. पोळ्यानंतर पाऊस आपल्या मनानं पडला. पेरण्या तोवर करपल्या होत्या. मी दुसऱ्या नोकरीसाठी एसटीनं निघालो होतो, तेव्हा साहेबांचा फोन आला. हा पाऊस आपल्या विमानामुळं पडला, असं लिहून द्याल का?

मी फोन बंद केला. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, “कुणाचा व्हता?”

“राँग नंबर,” मी म्हणालो.