यादीतला हिरवा ठिपका

श्टुटगार्टला कुणी मराठी माणूस येणार असला की तो आधी व्हिसा काढतो आणि मग माझ्याकडे यादी मागतो. कुठे जेवायचं त्याची यादी. मी इथे बावीस वर्षं आहे, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, आणि या शहरातल्या खाण्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, असा माझा समज होता. होता म्हणतो, कारण आता तो उरलेला नाही, आणि त्याच्या जागी नक्की काय आलंय ते मला अजून कळलेलं नाही.

यादी साधीच होती. मुख्य स्टेशनाच्या आसपास जेवू नका, तिथे इतकी वर्षं खोदकाम चाललंय की वाट शोधण्यातच भूक मरते. सूप प्यायचं तर तुर्की माणसाकडे मसुरीचं प्या आणि लिंबू मागून घ्या. डोशाच्या वाटेला जाऊ नका. सांबार गोड असतं, आणि मालकाला बोललात तर तो जर्मन गिऱ्हाइकांकडे बोट दाखवतो. द्राक्षमळ्यांच्या बाजूला काही शेतकरी वर्षातले थोडे आठवडे राहत्या घरातच खानावळ उघडतात आणि उघडी असल्याची खूण म्हणून दाराबाहेर झाडू टांगतात. झाडू दिसला तर खुशाल आत शिरा. नसला तर ते कुणाचं तरी घर आहे, बेल दाबू नका. हे शेवटचं वाक्य मला नंतर घालावं लागलं, कारण नाशिकच्या एका जोडप्याने दाबली होती.

शाकाहारी लोकांसाठी मी पदार्थापुढे हिरवा ठिपका द्यायचो, आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. माउलटाशनला ठिपका नव्हता. ही इथल्या श्वाबियन लोकांची चौकोनी करंजी. आत पालक दिसतो, पण पालकाबरोबर मांसही असतं. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मठातल्या साधूंनी मांस कणकेत लपवलं, अशी गोष्ट इथे सांगतात, आणि मीही ती प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगायचो. बघा, मी किती बारकाईने माहिती काढलीये, असं मला त्यातून दाखवायचं असायचं.

सगळ्यात वरचा हिरवा ठिपका बटाट्याच्या सॅलडला होता. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं: 'निर्धास्त खा. विचारलेलं आहे.'

ते विचारलं होतं, असं मी माझ्या काकूला सांगितलं होतं.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. सांगलीला कॉलेजात असताना चार वर्षं मी तिच्या घरी राहिलो. घर कडक शाकाहारी. अंडं हा शब्दसुद्धा काकू हळू उच्चारायची. पण कॉलेजच्या रस्त्यावर ऑम्लेटची गाडी होती आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. पहिल्यांदा खाऊन आलो तेव्हा दारातच तिने विचारलं, "बाहेर काही खाल्लंस का?" मी म्हणालो, "हो, ऑम्लेट." मला वाटलं, आता गाठोडं बांधावं लागणार. ती म्हणाली, "बरं. हातपाय धुऊन, कपडे बदलून आत ये. काय खायचं ते खा, पण मला खोटं सांगू नकोस." पुढे चार वर्षं ती रोज तो एक प्रश्न विचारायची आणि मी रोज खरं उत्तर द्यायचो. त्यावर तिने दुसरा प्रश्न कधी केला नाही. आईवडिलांनीही माझ्या शब्दावर इतका विश्वास ठेवला असेल की नाही, शंका आहे.

सहा वर्षांपूर्वी काका गेल्यावर मी तिला हट्टाने तीन आठवडे इथे आणलं. तेव्हा ती सत्तरीची होती. शहरातून दातेरी रुळावरची छोटी रेल्वे एक उभा चढ चढते, आणि वर एक जुनी खानावळ आहे, लाकडी बाकांची. तिथे आम्ही चौघं गेलो: काकू, मी, बायको आणि तेव्हा दहा वर्षांची असलेली आमची मुलगी. काकूने तोवर घरच्या पोळीभाजीवरच दिवस काढले होते. मला तिला माझं शहर खाऊ घालायचं होतं.

मी बटाट्याचं सॅलड मागवलं. बटाट्याच्या ओलसर, चकचकीत चकत्या, कांदा, वरून हिरवी पात. काकूने ताटलीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "यात काही नाही ना रे? विचारलंस त्यांना?"

वाढणारी बाई नेमकी तेव्हा शेजारून चालली होती. मी तिला थांबवलं. सोळा वर्षं जर्मन बोलूनही इथली बोली वेगात आली की मी नुसती मान हलवतो. आणि काकूसमोर, बायकोसमोर, मी काहीतरी विचारावं, तिने "काय?" म्हणावं, मी पुन्हा अडखळत विचारावं, हे मला नको होतं. मी या गावचा जाणकार ना! शिवाय बटाट्यात बटाट्याशिवाय काय असणार? मी स्वतः सगळंच खातो, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी त्या बाईकडे बिनगॅसचं पाणी मागितलं. ती "गेर्न", म्हणजे 'आनंदाने', म्हणून हसली आणि गेली.

"विचारलं, काकू," मी म्हणालो. "काही नाही. खा तू."

काकूने खाल्लं. मग आणखी एक ताटली मागवली. मी तिला माउलटाशनची गोष्ट सांगितली तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "देवाला फसवायचं, आणि ते पण कणकेत गुंडाळून! देव काय दुधखुळा आहे?" असं म्हणत तिने चमच्याने ताटलीतला शेवटचा रस टिपून घेतला. त्या तीन आठवड्यांत आम्ही तिथे चार वेळा गेलो. परत जाताना तिने बॅगेत दोन किलो इथले बटाटे भरले. बटाट्याची जातच वेगळी असणार, असं तिचं ठाम मत होतं.

सांगलीहून आठवड्याने फोन आला. "अरे, ती चव नाही आली. काहीतरी राहिलंय." मी म्हटलं, व्हिनेगर वेगळं असेल. सुट्टीवर निघालेल्या एका विद्यार्थ्याबरोबर मी व्हिनेगरची बाटली धाडली. तरी चव नाही. मग मोहरीची पेस्ट धाडली. तरी नाही. मग ती गंमतच होऊन बसली. दर रविवारी फोनवर आधी तब्येत, मग पाऊसपाणी, आणि मग, "ते सॅलडातलं राहिलेलं सापडलं का रे?"

सापडलं ते या वर्षीच्या वसंतात. मुलगी आता सोळा वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर शाकाहारी आहे. तिचं कारण देवधर्म नाही, हवामान. पण पाळते काकूपेक्षा कडक. आम्ही त्याच खानावळीत बसलो होतो. मी सवयीने सॅलड मागवलं, तर पोरीने त्या बाईला सरळ विचारलं की यात मांसाचं पाणी असतं का. एक साधं वाक्य. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"हो, अगदी," ती बाई आनंदाने म्हणाली. "रिंडरब्र्यूहे. त्याशिवाय चव कुठून येणार?"

गाईबैलांची हाडं आणि मांस उकळून काढलेलं पाणी. ते कढत असताना बटाट्यावर ओततात, बटाटा ते पितो, म्हणून तो असा चकाकतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "अरे, हे तर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं." बावीस वर्षं राहिलेल्या मला मात्र ठाऊक नव्हतं. काकूने चार वेळा खाल्लं होतं. आणि ती जे सहा वर्षं शोधत होती ते काय, ते आता मला कळलं होतं.

घरी दोन पक्ष पडले. बायको म्हणाली, "हे बघ, सांगू नकोस. त्यांचं वय काय, तब्येत काय. झालं ते नकळत झालं. तुला मोकळं वाटावं म्हणून त्यांना कशाला जाळतोस?" मुलगी जर्मनमध्ये म्हणाली की हे काकूआजीचं शरीर आहे, त्यात काय गेलं हे कळण्याचा हक्क तिचा, तुमचा नाही. मला दोघींचंही पटत होतं. सकाळी एकीचं पटायचं, संध्याकाळी दुसरीचं.

यादी मी इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकलेली होती, तिथे दुरुस्ती टाकली: 'बटाट्याचं सॅलड विचारून खा.' आधी मी ज्या कडक शाकाहारी आईवडिलांना तिथे धाडलं होतं त्यांच्या मुलाने, इथे पीएचडी करतो तो, मला वेगळा मेसेज केला. "काका, तुम्हीच लिहिलं होतं ना, विचारलेलं आहे म्हणून?" मी लिहिलं, 'माफ कर, चूक झाली.' त्याने अंगठा पाठवला. तो रागाचा होता की माफीचा, तेही मला कळलं नाही.

माझा गोंधळ कुठे होतो ते सांगतो. सॅलडात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, ही चूक. ती माणसाकडून होते. पण न विचारता 'विचारलं' म्हणालो, त्याला काय म्हणायचं? तेव्हा ते इतकं किरकोळ वाटलं होतं की मी विसरूनही गेलो होतो. इतका, की पुढे यादीत लिहितानाही माझा हात अडखळला नाही. मला खरंच वाटत होतं, मी विचारलंय.

हिवाळ्यात मी एकटाच सांगलीला गेलो. काकू आता शहात्तरची, थोडी वाकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर उकडलेले बटाटे वाफाळत होते आणि ती स्टुलावर बसली होती. "आता तू कर," ती म्हणाली. "माझ्यासमोर. मला बघायचंय काय राहतं ते."

मी चकत्या केल्या. कांदा, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, तेल. बरोबर आणलेली भाज्यांच्या सूपची पावडर कढत पाण्यात घालून ते वरून ओतलं. तिने एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, सावकाश चावलं.

"नाही रे. हे ते नाही."

बायकोने चार वेळा बजावलेलं होतं. मी सूपच्या पाकिटाची घडी करत उभा राहिलो.

"काकू, त्यात मांसाचं पाणी होतं," मी म्हणालो. "गाईचं. मला या वर्षी कळलं."

तिने चमचा ताटलीत ठेवला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "पण तू तर विचारलं होतंस."

"नव्हतं विचारलं."

"त्या बाईशी बोललास की तू. माझ्यासमोर."

"मी पाणी मागितलं होतं, काकू. प्यायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, "पोटात गेलं त्याचं मी बघीन काय ते," एवढं म्हणाली आणि अंघोळीला गेली. त्या दिवशी ती दुसऱ्यांदा न्हायली, देवापुढे बराच वेळ बसली, आणि दुपारी मला रोजच्यासारखं वाढलं. स्वतः जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, भूक नाही. रात्री दोन घास आमटीभात खाल्ला. सॅलडाचा विषय पुन्हा निघाला नाही. मला हलकं वाटतंय की जड, ते मी तपासून पाहत होतो आणि ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या रस्त्याने चक्कर मारून आलो. ऑम्लेटची गाडी अजून आहे, फक्त तिला आता पत्र्याचं छप्पर आलंय. मी तिथे थांबलो, पण काही खाल्लं नाही. परत आलो तर काकू दारातच उभी होती.

"बाहेर काही खाल्लंस का?"

"नाही, काकू."

मी चपला काढल्या आणि पाय धुवायला वळलो. ती दारातून हलली नव्हती.

"खरंच ना?" तिने विचारलं.