नजरेचं माप

जुन्नरच्या बाजारपेठेत नसीमभाभींच्या गळ्यात टेप असायची, ती नुसती शोभेला. बाई दुकानाची पायरी चढली की भाभी तिला एकदा वरून खालपर्यंत बघायच्या आणि सरळ कापडाला कात्री लावायच्या. डिंगोऱ्याची प्रयागबाई चारचौघींत सांगायची, "माझ्या नवऱ्याला तीस वर्सांत माझा अंदाज आला न्हाई, भाभीला पायरीवरच आला." पंचवीस वर्षं हे असंच चाललं. मग बाह्या चुकायला लागल्या.

आता शहाण्या माणसाने घरात सांगावं की नाही? पण नाही. चौकट खांद्याला लागली की भाभी म्हणायच्या, दारच अरुंद. कप लवंडला की, इथं कुणी ठेवला? त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे दोन वर्षं सगळं खपून गेलं. गेल्या आठवड्यात मात्र मशीनची सुई बोटातून आरपार गेली आणि एका नवरीच्या ब्लाउजवर रक्त सांडलं. तेव्हा सून शिफा त्यांना ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन आली.

"चष्म्याचा नंबर वाढला आसंल, दुसरं काय," भाभी बाकावर बसता बसता म्हणाल्या. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. मशीन सुटलं तर नसीम कोण? नवाबची विधवा, तालिबची आई, कोपऱ्यात बसून तांदूळ निवडणारी म्हातारी. आणि ते तांदूळ तरी धड निवडता येतील का, ह्याचीही त्यांना खात्री नव्हती.

समोरच्या भिंतीवर मोठं चित्र लावलं होतं. समुद्रकाठी झुळझुळीत झगे घालून, छत्र्या उघडून उभ्या राहिलेल्या गोऱ्या बाया. सासूचा जीव जरा रमावा म्हणून शिफा म्हणाली, "अम्मी, यांच्या कपड्यांचं सांगा की."

भाभी लगेच खुलल्या. "निळीच्या दंडावर फुगा हाय ना, त्याला कापड तिरकं कापावं लागतं. मागं घोळ केवढा सोडलाय, लई कापड खाल्लंय त्यानं. आन ती पिवळी ऐट करती, पण झगा तिचा न्हाई, मागून आणलेला. काखेत बघ कशा चुण्या पडल्यात." बाकावरचे दोघं-तिघं हसले, भाभींना आणखी चेव आला.

"ती मधली पांढरी तेवढी," त्यांचा आवाज उतरला, "तिची लई कीव येती मला. एवढी नटूनथटून दर्यावर आली, हात पुढं केला, आन धरायला कुणी न्हाई. तिचं कुणीतरी बुडालं आसणार बघ."

शिफाने चित्राकडे पाहिलं, मग सासूच्या डोळ्यांकडे.

"काय गं?"

"अम्मी, तिनं पोरीचा हात धरलाय. लाल फ्रॉकातली पोरगी हाय तिथं. तिच्या पलीकडं आणखी दोन बाया हायेत."

भाभींनी मान वळवली, पोरगी दिसली. पुन्हा पांढऱ्या बाईवर नजर धरली, पोरगी गेली. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा शिफाने त्यांचा हात घट्ट धरला आणि तेवढ्यात नंबर पुकारला.

डॉक्टरांनी यंत्राला डोळे लावायला सांगितले, बराच वेळ तपासलं. "कधीपासून होतंय?"

"म्हैना झाला," भाभी म्हणाल्या. शिफा त्यांच्याकडे बघत राहिली. "दोन वर्सं," भाभी हळूच म्हणाल्या.

"काचबिंदू आहे. बाजूची नजर गेलीय, ती परत यायची नाही. वेळेवर आला असता तर पुष्कळ वाचली असती."

"अम्मी, एका शब्दानं तरी सांगायचं व्हतं," शिफाला रडू आवरेना.

"आन सांगितलं आसतं, तर तुमी मला मशीनवर बसू दिलं आसतं?"

भाभी डॉक्टरांकडे वळल्या. उभ्या जन्मात कुणापुढे वाकली नव्हती ही बाई, तिने हात जोडले. "सायेब, कडंचं सगळं जाऊ द्या. मधलं तेवढं राहू द्या. सुई मधीच आसती."

डॉक्टर औषध लिहीत म्हणाले, "थेंब एक दिवसही चुकवू नका. मधलं किती टिकेल, ते आज नाही सांगता येणार."

कागद शिफाने घेतला. भाभींचे हात जोडलेलेच होते.