सेल कापणारी माझी ताई

ताईचा फोटो तुम्हाला मिळणार नाही.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. सकाळी तिच्या नावाचं पान वाढत होते, तेवढ्यात तिच्या जुन्या लॅबमधून फोन आला. एचआरची मुलगी. आवाज एकदम गोड.

"मॅम, आम्ही सेफ्टी वीकसाठी पोस्टर करतोय. मॅडमचा एखादा हसरा फोटो पाठवाल का?"

हसरा म्हणे. त्या लॅबमध्ये ताई शेवटची कधी हसली होती, ते आधी तुमच्या सरांना विचारा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण मीनल, केमिस्ट होती. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये कचरा तपासायची. घातक की साधा, ते ठरवायचं काम.

आई लोकांना "मुलगी लॅबमध्ये असते" एवढंच सांगायची, कचऱ्याचं नाव काढायची नाही. ताई मात्र जेवताना सगळं साग्रसंगीत ऐकवायची.

वापरलेले बॅटरीचे सेल आले की आधी ते कापायचे. बारीक तुकडे करायचे. मग व्हिनेगरसारख्या ॲसिडच्या पाण्यात घालून बाटली फिरवत ठेवायची, पाणी गाळायचं आणि त्यात शिसं, कॅडमियम किती उतरलं ते मोजायचं. मर्यादेच्या वर गेलं की माल घातक. मग तो वाटेल तिथे टाकता येत नाही.

कापायचे का? कारण उघड्यावर पडलेला सेल आज ना उद्या गंजतो आणि फुटतोच.

तर शीळफाट्याजवळ एका गोदामाच्या आवारात एमर्जन्सी लाइटच्या जुन्या सेलचा ढीग पडला होता. भिंतीपलीकडे चाळ आणि चाळीची बोअरवेल. लोकांनी तक्रार केली. गोदामवाल्याला 'साधा कचरा' असा रिपोर्ट हवा होता, आणि तो लॅबच्या सरांची जुनी पार्टी, म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक.

सर म्हणाले, सेल अख्खेच बाटलीत टाका.

ताई म्हणाली, "सर, अख्खा नारळ पाण्यात बुडवून पाणी गोड झालं का, ते बघणार का आपण?"

"मॅडम, पार्टीने सेल दिलेत. आपण सेल तपासायचे. भुगा नाही."

हे वाक्य पुढे आमच्या घरात कायमचं राहायला आलं. भोपळा चिरायचा मला कंटाळा आला की मी म्हणायचे, पार्टीने भोपळा दिलाय, फोडी नाही. ताई हसायची आणि चिरायला मलाच लावायची.

ताईने सेल कापले.

लॅबमध्ये धड कटर नव्हता, म्हणून मानपाडा रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःची हॅक्सॉ आणली. लोखंड कापायची करवत. ग्लोव्ह्ज, गॉगल, सगळं रीतसर. कॅडमियम मर्यादेच्या खूप वर आलं.

सरांनी काय म्हणावं? ते तुमच्या ब्लेडमधून आलं. मॅडमनी सॅम्पल बिघडवलं.

ताईने त्याच ब्लेडने साधे खिळे कापले आणि त्यांचीही तीच टेस्ट लावली. कॅडमियमचा पत्ता नाही. सरांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याला अख्खे सेल टाकायला लावले, रिपोर्ट गोदामवाल्याला हवा तसा आला आणि ताई घरी बसली.

त्यानंतर अंबरनाथ, तळोजा, जिथे इंटरव्ह्यूला जाईल तिथे तिच्या आधी ते वाक्य पोचलेलं असायचं. सॅम्पल बिघडवणारी.

केमिस्टला असं म्हणणं म्हणजे आचाऱ्याला जेवणात विष घातलं म्हणण्यासारखं आहे. तिला पुन्हा कुठल्याही लॅबने घेतलं नाही. शेवटी घरी ट्यूशन घ्यायची आणि पोरांवर खेकसायची. स्वभावाने गोड वगैरे ती अजिबात नव्हती, कमेंटमध्ये उगाच तसं लिहू नका.

चाळीतल्या लोकांनी तक्रार सोडली नाही. कापूनच तपासा असा हट्ट धरा, हे त्यांना ताईनेच सांगितलेलं. सरकारी माणसं आली, स्वतः सेल उचलून दुसरीकडे कापून तपासले. घातक. ढीग हलला. चाळीतल्या बायका पेढे घेऊन घरी आल्या.

सरांचा फोन काही आला नाही. ताई वाट बघत होती. म्हणायची नाही, पण बघत होती.

गेल्या वर्षी डेंग्यूने गेली. त्याचा संबंध कॅडमियमशी जोडू नका. पुराव्याशिवाय बोललेलं तिला चालायचं नाही.

आणि आज हे पोस्टर. मी विचारलं, कशाबद्दल?

"आपल्या लॅबमध्ये सेल कापून टेस्ट करायची पद्धत मॅडमनी सुरू केली ना, त्याबद्दल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सरांना दे फोन.

सर फोनवर आले. झालं गेलं ते सोड म्हणाले, फार मोठ्या मनाची होती म्हणाले. मी म्हटलं, फोटो देते, फक्त खाली एक ओळ घाला. सॅम्पल मीनलने बिघडवलं नव्हतं.

सर म्हणाले,

"अगं, पोस्टरवर तेवढी जागा नाहीये."

मी फोन ठेवला. सर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, त्या लॅबचे बाकीचेही आहेत. म्हणून इथे लिहितेय. इथे जागा भरपूर आहे.

ती हॅक्सॉ अजून आमच्याकडे आहे. ब्लेड तिने तेव्हाच बदललं, पण मूठ तीच. दर दसऱ्याला गाडीच्या किल्लीशेजारी ती पूजेला मांडायची. मुठीवर कुंकवाचा डाग आहे, तो मी पुसलेला नाही.

सर, फोटो हवाय ना? खाली टाकलाय. हॅक्सॉचा आहे. पोस्टरवर लावा, जागा झाली तर.

ताई, तू सॅम्पल बिघडवलं नव्हतंस.

पान वाढलंय. भोपळा मी चिरलाय.