दुसरी टाच

“मॅडम, पाय उचलतच नाय.”

टेबलावर उताणा पडलेला संदेश छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला. बाहेरच्या बाकावर त्याचे दोन साथीदार आपापली मांडी धरून बसले होते. तिघांचाही उजवा पाय, तिघांचीही मांडीची मागची बाजू, आणि तिघांनाही ही दुखापत एकाच सकाळी झालेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलादपूरला त्यांचा कबड्डीचा उपांत्य सामना होता. मला हसू फुटत होतं, पण आमच्या धंद्यात पेशंटसमोर हसायची सोय नसते.

मी फिजिओथेरपिस्ट. महाडच्या बाजारपेठेत माझं क्लिनिक आहे. मी हाडं बसवत नाही, तेल लावून अंग रगडत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी लोक घरून तेलाची बाटली घेऊन येतात. इथल्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचा कबड्डी संघ आहे. पोरं कंपनीतच कामाला, शिफ्ट संपली की सराव. त्यांचे गुडघे, घोटे, खांदे माझ्याकडे असतात. संदेश त्यांचा कॅप्टन, वरंधकडच्या एका वाडीतला. पकडीत त्याच्या हाती सापडला की समोरचा सुटला असं सहसा होत नाही.

आणि कोच होते माने सर, सांगलीकडचे. संघाला बाद फेरीपर्यंत, म्हणजे हरलं की थेट घरी अशा सामन्यांपर्यंत, त्यांनीच आणलं होतं. हे पोरंही नाकारत नव्हती. पण माणूस कुणालाच आवडत नव्हता. सरावाला आल्याआल्या मोबाईल काढून घ्यायचे, रविवारी आंबेनळी घाटाच्या चढावर पळवायचे, आणि शिव्या अशा द्यायचे की त्यातल्या निम्म्या आम्हा कोकणातल्या लोकांना कळायच्याच नाहीत. तेवढ्यावर निभावलं असतं. पण मग शिमगा आला आणि सरांनी एकालाही सुट्टी दिली नाही.

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. शिमग्याला आमच्याकडे गावदेवीची पालखी घरोघर फिरते. वर्षातून एकदा देवी तुमच्या दारात येते. अंगण सारवून घरातली माणसं वाट बघत उभी असतात, आणि घरच्या तरण्या पोरानं ती पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची असते. मुंबईचे चाकरमानी साहेबाशी भांडून त्यासाठी येतात. संदेशच्या अंगणात पालखी आली तेव्हा संदेश कंपनीच्या मैदानावर बैठका मारत होता. शेजारच्या मुलानं खांदा दिला. सर काय म्हणाले? “पालखी काय, पुढच्या वर्षी पण येतीयाच की!”

झालं. त्यातच कंपनीचे एचआर मॅनेजर पाटणकर साहेब मीटिंगमध्ये बोलून गेले की उपांत्य सामना हरला तर कोच बदलू. ही बातमी कॅन्टीनमध्ये पोचायला चहा गार व्हावा लागला नाही. म्हणजे काम सोपं होतं. एक सामना हरायचा, की माने सर सांगलीच्या गाडीत.

मला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. मला जबरदस्त उत्सुकता वाटली. वर्षभर ज्याच्यासाठी घाम गाळला, तो सामना माणूस मुद्दाम हरू शकतो? मनानं ठरवलं तरी अंग ऐकतं का?

मी संदेशच्या डाव्या टाचेखाली, म्हणजे न दुखणाऱ्या पायाच्या टाचेखाली, माझा तळहात सरकवला. म्हटलं, “हं, आता उजवा उचल.”

त्यानं तोंड वेडंवाकडं केलं, दात खाल्ले, कण्हला. पाय जागचा हलला नाही. आणि माझ्या तळहातावर डावी टाच नुसती ठेवलेली, पिसासारखी हलकी.

ही आमची जुनी तपासणी आहे. उताण्या माणसानं एक पाय खरंच उचलायला घेतला की दुसरी टाच आपोआप खाली दाबली जाते. त्याला ते कळतही नाही. पाय दुखून अर्ध्यात थांबला तरी टाच दाबली जातेच. दुसरी टाच हललीच नाही, तर माणसानं पाय उचलायचा प्रयत्नच केलेला नाही, एवढं नक्की. तेवढ्यावर मी कुणाला खोटारडा ठरवत नाही, बाकीही बघते. मांडी दाबून पाहिली. स्नायू लोण्यासारखा मऊ. दारातून बाहेर नजर टाकली, तर त्या दोघांतला अमोल बाकावर दोन्ही पाय लांब करून, पुढे वाकून, अंगठ्याचं नख कापत होता. मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, खरंच दुखावला असता तर असं वाकल्यावर तो बोंबलत उठला असता.

“अमोल, नख झालं की आत ये,” मी हाक मारली.

तिसऱ्यालाही बोलावलं. तिघं ओळीत उभे. म्हटलं, “पाय तिघांचेही उत्तम आहेत. माझ्याही पायांपेक्षा. आता बोला.”

संदेश खाली बघत राहिला. बोलला अमोल. हा पकडीच्या साखळीत संदेशचा जोडीदार. साखळी म्हणजे दोघांनी हात घट्ट धरून चढाई करणाऱ्याला मधे घ्यायचं. “मॅडम, आमच्या बौद्धवाडीत पालखी नाय येत. पन हा दोन दिवस धड जेवला नाय, ते मी बघितलंय. आनि आज ह्याच्या पालखीला सुट्टी नाय, तर चौदा एप्रिलला मला देनार काय तो मानूस?”



“मग सरळ साहेबांना सांगा की,” मी म्हटलं.

“साहेब ऐकतात काय? त्यांना कप पायजे,” संदेश म्हणाला. “तुमी आमची बाजू घ्यायची सोडून…”

“मी पायाची बाजू घेते बाबा. पाय खोटं बोलत नाहीत.”

त्यानं चप्पल घातली. दारात थांबून म्हणाला, “खेळतो की. पन कसा खेळायचा ते तरी आमच्याच हातात हाय ना?”

दुपारी पाटणकर साहेबांचा फोन आला. “मॅडम, तिघं अनफिट आहेत म्हणे?”

“फिट आहेत.”

“मग नाटकं करतायत का?”

“साहेब, पाय ठीक आहेत. मनाचं मशीन माझ्याकडे नाही. पण त्यांच्याशी एकदा बसून बोला.”

“बघू, सामना होऊ दे,” म्हणाले आणि ठेवला.

पाचच्या सुमाराला माने सर स्वतः हजर. खांदा शेकायला येत असत अधूनमधून. त्या दिवशी शेक घेता घेता म्हणाले, “मॅडम, पोरं उद्याचा सामना सोडनार.”

मी कानावर हात. “कुणी सांगितलं?”

“सांगतंय कोन? आज सरावाला मी नेहमीसारख्या शिव्या दिल्या. एकबी रागावला न्हाई. रोज डोळं वटारत्यात, पुटपुटत्यात. आज नुसतं ‘हो सर, हो सर’.” सरांनी खांद्यावरची पिशवी सरकवली. मग हळूच विचारलं, “पालखीचं एवढं काय आसतंय वो? आमच्याकडं जत्रंत मिरवनूक निघती, गेला तर गेला, न्हाई तर न्हाई.”

मी सगळं सांगितलं. सारवलेलं अंगण, वाट बघणारी आई, खांदा देणारा शेजारचा मुलगा. सर ऐकत होते. शेकाची पिशवी गार झाली तरी काढा म्हणाले नाहीत. शेवटी एवढंच बोलले, “आयला. देव घरी आलता व्हय.”

मला त्या माणसाची फार दया आली. मोठा गुन्हा करतोय हे ज्याला ठाऊकच नव्हतं, त्याची येते तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोलचा फोन. आवाजात भलतीच खळबळ. “मॅडम, लोचा झालाय. काल दुसऱ्या गटात उलटफेर झाला. समोर कोन आलंय म्हायते? संदेशची सासुरवाडी!”

“म्हणजे?”

“त्याच्या बायकोच्या गावचा संघ. सख्खा मेव्हना रुपेश चढाईला. संदेश म्हनतो, ठरलं ते ठरलं. पन त्याचा तोंड बघा तुमी.”

मी संध्याकाळच्या सगळ्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. एरवी सामन्याला बॅग घेऊन जायचं ते कामापोटी. त्या दिवशी, खोटं कशाला बोलू, निव्वळ भोचकपणानं गेले.

पोलादपूरचं मातीचं मैदान, पाणी मारून दाबलेलं. गर्दी मरणाची. संदेशची बायको माहेरच्या माणसांत बसली होती आणि कुणाकडे बघून टाळ्या वाजवायच्या ते तिला सुचत नव्हतं. मी कोपऱ्यात, रेषेला लागून, बर्फाच्या डब्यावर बसले. तिथून मला सगळ्यांचे पाय दिसत होते.

पहिल्या डावात आमची पोरं खेळली, आणि खेळली नाहीतही. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. साखळी धरलेली, अंगं वाकलेली, आरोळ्याही चालू. पण मी टाचा बघत होते. पकड करणारा मागचा पाय मातीत रोवतो, तिथूनच सगळा जोर येतो. संदेशच्या टाचा वरवर टेकलेल्या, काल माझ्या तळहातावर होती तशाच. रुपेश आत यायचा, एखाद्याला शिवायचा आणि आरामात परत जायचा. आम्ही चांगलेच मागे पडलो. म्हणजे माणूस मुद्दाम हरू शकतो तर! माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मध्यंतराला पोरं घोळक्यात उभी राहिली. मी पाणी देत होते. सगळ्यांना वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटणार. सर एकदम साध्या आवाजात म्हणाले, “संदेश, मला पालखी कळली न्हवती. चुकलं माझं. मी जानार आसंन तर जाईन, पर हे सांगून जातो.”

कुणी वर बघितलं नाही. संदेशनं चूळ भरली, थुंकली आणि “बरं” म्हणाला. बस्स. सर बिचारे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, आपल्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

दुसरा डाव सुरू झाला, तोही तसाच. टाचा हलक्याच. रुपेश पुन्हा आला, संदेशच्या मांडीवर टपली मारून गेला. रेषा ओलांडल्यावर मागे वळला आणि आमच्या कोपऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “भावजी, ऱ्हाऊ द्या हो. ताईला सांगतो, पाय दुखतोय तुमचा. तेल लावून ठेवील.”

अरे देवा! खोट्या पायाची बातमी सासुरवाडीपर्यंत पोचली होती. आसपासची माणसं खो खो हसली. संदेश बाद होऊन माझ्याच जवळ येऊन बसला. चेहरा लालबुंद. अमोल लांबून त्याच्याकडे बघत होता. संदेशनं त्याला काही खूण केली नाही, नुसतं बघितलं.

पुढच्या चढाईला आमच्या पोरानं गुण आणला, आणि गुण आला की बाद झालेला एक जण परततो, तसा संदेश पुन्हा आत गेला. अमोलचा हात धरला. रुपेश हसत हसत आला. आणि मी बघितलं, संदेशची मागची टाच मातीत उतरली. नुसती टेकली नाही, रुतली. बोटं वळली, पोटरी ताठ झाली. शेजारी अमोलची टाच, तीही खाली. रुपेशला काय झालं ते कळायच्या आत तो दोघांच्या मधे आडवा होता.

त्यानंतर मैदानात जे झालं त्याला मी खेळ म्हणणार नाही, घरगुती भांडण म्हणीन. समोरचा अख्खा संघ बाद झाला. आम्ही गाठलं, मागे पडलो, पुन्हा गाठलं. शेवटची चढाई रुपेशचीच होती. संदेशनं त्याचा घोटा धरला तो शिट्टी वाजून गेल्यावरही सोडेना. पंचांनी बोटं सोडवली. आम्ही जिंकलो. संदेशची बायको आता दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

माने सर मैदान ओलांडून धावत आले. डोळे भरलेले. माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, “बघितलं मॅडम? चूक कबूल केली आन् पोरं माझ्यासाठी जीव तोडून खेळली. माझ्यासाठी!”

पलीकडच्या टोकाला, त्या गोंगाटात, रुपेशचं वाक्य त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. म्हटलं, “हो सर.”

अंतिम सामना आम्ही सरळ सरळ हरलो, समोरचे चांगले होते म्हणून. पाटणकर साहेबांनी कोच बदलला नाही. पण कोच बदलला. पोरं आपल्यासाठी खेळली, एवढं एकदा डोक्यात बसल्यावर त्या माणसाला त्यांना शिव्या देववेनात. चौदा एप्रिलला अमोलनं मागायच्या आधीच सुट्टी दिली. आंबेनळीचा चढ मात्र सुटला नाही. पोरं पळतात, कुरकुरतात, सर डोळे वटारतात, सगळं कसं निरोगी चालू आहे.

मी संदेशला एकदा घोटा बांधता बांधता विचारलंच. “खरं सांग, सरांच्या माफीमुळे खेळलास की मेव्हण्यामुळे?”

“मेव्हन्यामुळं,” तो पटकन म्हणाला. मग जरा थांबून, “पन सरांना सांगू नका हां. लय लागंल त्यांना.”

ज्याला सांगलीच्या गाडीत बसवायला हा पोरगा निघाला होता, त्याला लागेल म्हणून आता याचा जीव खालीवर होत होता.

या शिमग्याला सर माझ्या टेबलावर होते. संदेशनं घरी बोलावलं होतं. सारवलेल्या अंगणात सरांनी पालखी खांद्यावर घेतली आणि जोशात नाचवली, सवय नसताना. शेकायचा तोच खांदा पार धरला होता. मी तपासलं. दुखणं शंभर टक्के खरं होतं.

“पोरं फार जीव लावत्यात मॅडम,” सर कण्हत म्हणाले. “त्या सामन्यापास्नं.”

चुकीच्या निदानानंही कधी कधी पेशंट बरा होतो. अशा वेळी आपण खांद्याला शेक द्यावा आणि गप्प बसावं.