माहूजमधला शुक्रवार आणि कॉलिनची किल्ली

निवृत्तीनंतर हौसेने काढलेला पासपोर्ट कपाटातच पडून होता. यंदा थंडीत लेक म्हणाली, "बाबा, जन्मभर समुद्राच्या कविता शिकवल्यात, आता बेटावर या की!" निघालो. मुग्धा बहरीनला, सखीरच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवते. व्हिसा ऑनलाइन मिळाला, मुंबईहून विमान साधारण चार तासांचं. जायचं तर हिवाळ्यातच जा, आणि स्वेटर न्या.

पहिले दोन दिवस बुदैयाच्या रस्त्याला भटकलो. खजुराची झाडं, भाजीचे वाफे, मधेच नवेकोरे बंगले. बसच्या भरवशावर राहू नका, गाडी हवीच. भट्टीतली गरम खुबूस रोटी इतकी स्वस्त, की दिनारचे रुपये करत बसण्याची माझी खोड तेवढ्यापुरती सुटली.

शुक्रवार सुट्टीचा. दुपारी माहूज वस्तीत, मुग्धाच्या फ्लॅटवर, तिचे पाच सहकारी आले. सगळे इंग्रजीचे शिक्षक, घरापासून लांब. बाटल्या उघडल्या. मी थेंबही न घेतलेला माणूस, जरा धास्तावलोच. पण काय रीत होती त्यांची! आधी मोठ्या गाडीची किल्ली टेबलावर. "आज कोण चालवणार?" ज्याने ती उचलली, त्याने प्यायचं नाही, सगळ्यांना घरी सोडायचं. दुसऱ्या पेल्यानंतर नोकरीची रडगाणी खलास, प्रत्येकाने शाळेत पाठ केलेली कविता म्हणायची. मी डोळे मिटून ऐकत होतो. आठवीचा वर्ग, खडूचा वास, सगळं परत आलं.

किल्ली उचलली होती कॉलिनने. साठीचा, किडकिडीत इंग्रज. "हा दर शुक्रवारी हेच करतो," कोणीतरी कौतुकानं म्हणालं. मला वाईट वाटलं. आपला पाहुणचार! मी पेला भरून त्याच्यापुढे धरला. "टॅक्सीचे पैसे मी देतो. आज तुम्ही घ्या. माझ्याखातर, एकच!"

कॉलिन पेल्याकडे पाहत राहिला. मी पुन्हा म्हणालो, "घ्या हो!" त्याचा हात किंचित उचलला गेला.

"काका," वसईची ग्रेटा माझ्या कानाशी पुटपुटली, "त्याने दारू सोडून पाच महिने झाले. पेला खाली ठेवा."

मी पेला मागे घेतला. तेवढ्यात कॉलिनने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि हसला. "सर, माझी ही ड्रायव्हरची नोकरी घेऊ नका. तुमची कविता राहिलीय."

कोणी माझ्यावर डोळे वटारले नाहीत, त्याची पाठही थोपटली नाही. ग्रेटाने त्याच्यापुढे लिंबू-पुदिना सरकवला. "यल्ला, चला काका!" मी होडीची कविता म्हटली. एक अक्षर न समजता कॉलिनने ताल धरला. उन्हं कलताना तो सगळ्यांना घेऊन गेला.

नाशिकला परतून महिना झाला. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या बैठकीला चित्रकलेचे साने दोन वर्षं येत नाहीत. त्यांनी दारू सोडली, आणि आम्ही दर वेळी, "अहो साने, एक घोट तरी!" त्यात माझाही आवाज असायचा. मीच न पिणारा, आणि आग्रहाला सर्वांत पुढे.

परवा स्कूटर काढून त्यांच्या दाराशी गेलो.

"साने, चला बैठकीला."

"नको. तुम्ही लोक ऐकत नाही."

"मी शेजारी बसेन. सरबत आणलंय. आणि तुमची शाळेतली कविता आठवून ठेवा."

सान्यांनी सरबताची बाटली हातात घेतली. मग आत वळून म्हणाले, "अगं, माझी चप्पल कुठाय?"